दहाव्याला धुतलेलं इंजिन

मंगळवारी सकाळी अकरा वाजता दादा गॅरेजमधल्या स्टुलावर बसला आणि गेला. पाना त्याच्या हातात होता.

शुक्रवारी, अकराव्या दिवशी, त्याची गाडी माझ्यासमोर उभी होती आणि तिचं इंजिन थरथरत होतं.

वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीतलं हे गॅरेज आम्हा दोघा भावांचं. मी ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला, त्यामुळे मॅन्युअल वाचणं माझ्याकडे. दादा दहावीनंतर थेट इंजिनांतच शिरला. ग्राहक तक्रार सांगत असताना तो फेंडरवर, चाकावरच्या पत्र्यावर, हात ठेवून डोळे मिटायचा. मी पान शोधेपर्यंत त्याला दुखणं कळलेलं असायचं. "आधी आयकजो, मंग खोलजो," एवढंच तो मला सांगायचा. मला ते कधी जमलं नाही. तो होता तोवर गरजही पडली नाही.

आमच्याकडे दहाव्याला सुतक फिटतं तेव्हा घर धुतात. अंथरुणं, भांडी, फरशी, दाराच्या कड्यासुद्धा. वहिनींनी त्या दिवशी गाडीही धुतली. ज्या ज्या वस्तूला दादाचा हात लागत होता ती प्रत्येक वस्तू धुवायची, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. म्हणून त्यांनी बॉनेटही उघडलं. शेजाऱ्यांचा कपाशीवर फवारायचा पंप आणला, त्यात साबणाचं पाणी भरलं आणि तासभर इंजिनावर मारलं. वर्षानुवर्षांचं ग्रीस निघून गेलं. इंजिन नव्यासारखं दिसू लागलं. संध्याकाळी किल्ली फिरवली, तर गाडी आचके देऊ लागली.

वहिनींचे थोरले भाऊ दिवाकरभाऊ समुद्रपूरहून आलेले होते. एवढी जुनी गाडी, चालवणारा गेला, आता इंजिनही गेलं, असा त्यांचा हिशेब. तेरवी आटोपली की सोमवारी भंगारवाला गाडी नेईल, असं त्यांनी ठरवूनही टाकलं. वहिनी शिक्षिका आहेत. सिंदी मेघेतल्या घरापासून त्यांची शाळा बरीच लांब आहे. रोज तिथवर स्वतः जाता यावं म्हणून वर्षभर दर रविवारी दादा त्यांना मैदानावर हीच गाडी शिकवत होता. लायसन्स आलं होतं. एकटीने नेण्याची वेळ मात्र अजून आली नव्हती.

शुक्रवारी त्यांनी गाडी कशीबशी गॅरेजपर्यंत आणली. एकटीने चालवायची ती पहिलीच वेळ. उतरून म्हणाल्या, "भाऊजी, माया हातानंच बिघडली न ते?"

"पाह्यतो मी," एवढंच म्हणालो.

या बिघाडाला मिसफायर म्हणतात. चार बायका एकाच उखळात पाळीपाळीने मुसळ घालत असतील आणि एकीची पाळी दर वेळी रिकामी जात असेल, तर जसा ताल तुटेल तसं ते ऐकू येतं. चार सिलिंडर असतात. प्रत्येकात प्लगची ठिणगी पडते आणि पेट्रोल पेटतं. ठिणगीची वीज जाड रबरी वायरमधून येते. पाणी आणि वीज यांचं पटत नाही, म्हणून मी आधी पाणी शोधलं. प्लगच्या खड्ड्यांत ते साचलं होतं. कॉम्प्रेसरच्या हवेने उडवलं, प्लग पुसले, रात्रभर बॉनेट उघडं ठेवलं. शनिवारी सकाळी इंजिन तसंच.

मग एकेक वायर काढून इंजिन चालवून पाहिलं. चालत्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन आणखी लंगडतं. तिसऱ्याची काढली, काहीच फरक पडला नाही. म्हणजे तो आधीच बंद होता. प्लग नवा लावला, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं, ते ठीक होतं. वायरही मीटरवर बरोबर दाखवत होती. मॅन्युअल म्हणत होतं, ठिणगीची वीज तयार करणारी कॉइल बदला. त्या मॉडेलची कॉइल यायला आठ दिवस लागले असते.

दिवाकरभाऊ डोकावून गेले. "काऊन जी, सुतक घराचं फिटलं, गाडीचं नाई फिटलं काय?"

मी मॅन्युअल मिटलं. मागचं दार धुरापुरतं किलकिलं ठेवून समोरचं शटर खाली ओढलं. भर दुपारी गॅरेज विहिरीच्या तळासारखं झालं. शटरच्या भोकांतून उन्हाच्या काड्या आत आल्या, त्यांत धूळ सावकाश फिरत होती. इंजिन सुरू केलं आणि फेंडरवर हात ठेवून डोळे मिटले. किती वेळ गेला, सांगता येत नाही. स्टुलावर कुणीतरी बसलेलं आहे, असं वाटत राहिलं. मला वळून पाहायचं नव्हतं.

मग ऐकू आलं. तुटणाऱ्या तालाच्या आत एक बारीक आवाज, टिक, टिक. डोळे उघडले. अंधारात तिसऱ्या वायरच्या खालून लोखंडी पट्टीवर एक निळा धागा उडत होता. सिलिंडरची वीज तिथे सांडत होती.

इंजिन बंद करून वायर उलटी केली. घासून झिजलेल्या जागी टेप गुंडाळलेली होती, काळ्या वायरवर काळीच, म्हणून आधी नजरेत आली नव्हती. तिचं टोक दुमडलेलं, पुन्हा सोडवता यावं म्हणून. असं टोक फक्त दादा दुमडायचा. टेपवर ग्रीस साचलं आणि त्या ग्रीसनेच इतकी वर्षं पाणी अडवलं. साबणाने ते गेलं आणि पाणी टेपखाली शिरलं. कॉम्प्रेसरची हवा तिथे पोचत नाही.

वहिनींना बोलावून दाखवलं. "वहिनी, बिघाड तुमचा नाई. दादाचा हाय. त्यानं वायर बदललीच नाई."

त्या दुमडलेल्या टोकावरून बोट फिरवत राहिल्या. मग बारा दिवसांत पहिल्यांदा हसल्या. "लोकाइच्या गाड्याइले नवं सामान, अन् घरच्या गाडीले पट्टी," म्हणाल्या आणि स्टुलावर बसून रडल्या.

वायरचा नवा सेट वर्ध्यातच मिळाला. सोमवारी भंगारवाल्याचा टेम्पो रिकामा परत गेला. दिवाकरभाऊंना वहिनींनी त्याच गाडीने समुद्रपूरला सोडलं.

इंजिन पंपाने धुऊ नये. धुवायचंच असेल, तर वायरी आणि कॉइल प्लास्टिकने झाका आणि दिवसभर वाळू द्या. आणि मेकॅनिक असाल, तर आपली स्वतःची गाडी दुसऱ्या मेकॅनिकला दाखवा.

गॅरेजमध्ये आता मी एकटा आहे. जुनी वायर खणात आहे, टेपसकट. गाडी वहिनी चालवतात.