चिचुंद्रीला वाट द्या

जयनगर तेव्हा नवं होतं. आमच्या शेजारचे, मराठीत कानडी मिसळून बोलणारे अण्णा, कुणी ‘उंदीर’ म्हणून ओरडलं की आधी विचारत, “नाक बघितलंत?” लांब टोकदार नाक, मोहरीएवढे डोळे आणि तो उग्र दर्प असला, तर ती चिचुंद्री. ती झुरळं खाते, तिला मारायचं नाही.

त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले, त्याच संध्याकाळी चिचुंद्री पिल्लांची माळ घेऊन ओसरीवरून निघाली. प्रत्येक पिल्लानं पुढच्याला शेपटीपाशी तोंडात धरलेलं. मुलाच्या वडिलांनी चप्पल उगारली. अण्णा हात पसरून आडवे आले.

“स्वल्प थांबा! लेकुरवाळी आहे.”

सोयरीक मोडली, असंच मला वाटलं. पण मुलानं वाकून वडिलांची दुसरी चप्पल वाटेतून अलगद बाजूला केली.

माळेवरची नजर न काढता अण्णा म्हणाले, “सरी, ठीक आहे. आमच्याकडून होकार.”