वीस पानं राहिलेली कादंबरी

आलं ठेचल्याचा वास आला की मला नगरच्या एका दवाखान्यासमोरचं चहाचं दुकान आठवतं. सकाळीच आमच्या ह्यांना हृदयाच्या ऑपरेशनसाठी आत नेलं होतं, मुलगी पुण्याहून निघाली होती आणि मी त्या दुकानातल्या बाकावर एकटीच बसले होते. शेजारच्या रसवंतीची घुंगरं वाजत होती आणि माझ्या कपातल्या चहावर साय धरली होती. दुकान चालवणाऱ्या बाई गल्ल्यापाशी कादंबरी वाचत होत्या. दोन-तीनदा माझ्याकडे बघून त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली. "वाचा ताई. ह्यात बी चहाचंच दुकान हाय. खून हुतो, पन भ्यायचं न्हाई, शेवटाला समदं नीट हुतं. माजी वीस पानं ऱ्हायलीत, खुनी कोन ते तेवढं सांगू नका." मी उगाच पानं उलटायला घेतली आणि गुंतत गेले. त्यातली चहावाली गिऱ्हाइकांशी गप्पा मारता मारता कोण खोटं बोलतंय ते हेरायची, आणि गावावर कितीही संशय दाटला तरी तिची किटली गरमच असायची. तीन तास मी त्या गावात राहिले. मग नर्सनं बोलावून सांगितलं, ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी पुस्तक परत द्यायला गेले, तर बाईंनी आधी विचारलं, "मालक कसे हायेत?" "बोलले. चहा मागत होते," म्हणताना मला रडू आलं. आदल्या दिवशी बाईंची दुपार पुस्तकाविना गेली असणार, हे मला फार उशिरा सुचलं. अजूनही सावेडीच्या घरून त्या दुकानाकडे जाताना माझ्या पिशवीत त्यांच्यासाठी एखादी कादंबरी असते, मी स्वतः अजून न वाचलेली.