सावडीबाहेरचं शेत

गावदेवीसमोर नारळावर हात ठेवून दारूबंदीची शपथ घ्यायची, ही कल्पना गावातल्या बायकांची. शपथ मोडणारीला शिक्षा काय, ही माझी. नवीनच सरपंच झाले होते, अंगात भलताच जोर. मी म्हटलं, "जी कुणाला दारू देईल तिच्या शेतात कुणी सावडीला जायचं नाही." आमच्याकडे भाताची लावणी सावडीनेच होते; आज सगळ्याजणी तुझ्या शेतात, उद्या सगळ्या माझ्या. दंड ठेवला असता तर लोकांनी भरून टाकला असता. पण चिखलात एकटीने वाकायचं म्हणजे काय, हे प्रत्येकीच्या कमरेला ठाऊक. टाळ्या पडल्या. मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं.

ओढ्याकाठच्या मोहाच्या भट्ट्या आम्ही मोडल्या. एक कॅन तेवढा ठेवला, ग्रामसभेत सगळ्यांदेखत ओतायला. तो ग्रामपंचायतीच्या कपाटात आणि किल्ली माझ्या कमरेला. नवरा वाशिंदच्या कारखान्यात, तिकडेच खोली घेऊन राहतो. फोनवर हसला, "दारू बायकोच्या कपाटात आणि मी इथं. काय नशीब बघ!"

रोज पिणारे दोन-चार दिवस चिडचिड करतील, मग येतील ताळ्यावर, असं आम्ही धरून चाललो होतो. शेजारणीचा नवरा काही ताळ्यावर आला नाही. नारळावर पहिला हात ठेवला होता तो या शेजारणीनेच. ती एका सकाळी ग्रामपंचायतीत अनवाणी धावत आली.

"वयनी, भिताडाला मुंग्या दिसतात म्हंतो तो. अंग नुस्तं थरथरतंय. मगाशी डोळे फिरवलेन."

मी मुरबाडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या आधी माझ्यावरच उखडल्या. इतक्या वर्षांची दारू अशी एका झटक्यात तोडतात का, म्हणाल्या. फिट येऊन माणूस जातो यात. गोळ्या देऊन, दवाखान्यात ठेवून, हळूहळू सोडवावी लागते. गाडी पाठवते म्हणाल्या, पण गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन कल्याणला गेली होती. गावातली जीप सकाळीच भरून निघून गेलेली. मग त्यांनी विचारलं, "शुद्धीवर आहे ना? गिळतोय ना? मग गाडी येईपर्यंत घोट-घोट द्या. तुमच्याकडे असेल तर."

होती ना. कपाटात.

शेजारीण माझ्याकडे बघत होती. दे म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. मला सगळ्या गावाचे चेहरे दिसायला लागले. आज याला दिली तर उद्या दुसरा कुणी हात थरथरवत दारात येणार, त्याला काय सांगू? सरपंचानेच कपाट उघडलं म्हटल्यावर भट्ट्या पुन्हा पेटायला कितीसा वेळ लागणार? आणि नाही दिली तर हिचा नवरा गाडी येईपर्यंत राहील की नाही, हे डॉक्टरबाईही सांगू शकत नव्हत्या. विचारायला कुणी नव्हतं. माझ्या नवऱ्याचा फोन लागेना.

मी कपाट उघडलं.

तिला म्हटलं, "तू मागितली नाहीस. मी दिली. कुणी विचारलं तर एवढंच सांगायचं." मग भर दिवसा, हातात तांब्या घेऊन, सगळ्यांच्या दारांवरून चालत तिच्या घरी गेले. घोट-घोट करून पाजली. दारूचा वास हातांना दिवसभर येत राहिला. गाडी आली, त्याला घेऊन गेली. माणूस वाचला.

ग्रामसभेत मी सगळं सांगितलं. उरलेल्यांना आधी दवाखान्यात न्यायचं, गोळ्या चालू करायच्या, हे बायकांनी मान्य केलं. कॅन ओतला. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "तुजाच नियम गो. तुला सोडलं तर उद्या कुणाला धरू आमी?"

तिचं चूक नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

लावणी आली. माझ्या खाचरात मी एकटी, बांधापलीकडे सगळ्याजणी. त्यांची थट्टामस्करी ऐकू यायची, मी वर पाहिलं की थांबायची. त्यांत शेजारीणही होती, खाली मान घालून. जास्त काही बोलू नको, असं मीच सांगितलं होतं तिला, तरी मला तिचा राग आला. एकदा तरी बघ ना माझ्याकडे, असं वाटायचं.

एके दिवशी तिचा नवरा बांधावर आला. दवाखान्यातून परतलेला, गालफडं बसलेली. माझ्याच रोपांच्या मुठी त्याने उचलून आणल्या होत्या.

"वयनी, मी येतो आत. दोगं मिळून लावू."

पलीकडचे सगळे हात थांबले. शेजारणीने आता मात्र वर पाहिलं, थेट माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी सावड त्यांच्या शेतात जायची होती; तो माझ्या चिखलात उतरला तर तिथंही कुणी गेलं नसतं.

त्याने यावं असं मला फार वाटत होतं. कुणीतरी शेजारी वाकावं, बोलूही नये, नुसतं असावं.

"भावजी, मुठी ठेवा तिथंच," मी म्हटलं. "चिखलात पाय घालू नका. घरी जा."

मग त्याने एकेक मूठ बांधावर नीट मांडली. हात जरासुद्धा थरथरत नव्हते, ते मी डोळे भरून पाहिलं. तो गेला. पलीकडे पुन्हा बोलणं सुरू झालं, आणि मी जवळची मूठ घेऊन खाली वाकले.