पियानोबाईंचं शोकगीत

नाटकमंडळीत त्यांना सगळे पियानोबाई म्हणत. रंगमंचावर दिसणारा पियानो मुका होता, आतल्या तारा काढून टाकलेला. नट त्यावर नुसती बोटं फिरवायचा. खरा पियानो विंगेत, काळ्या कापडाआड, बाई वाजवायच्या. कापडाला एक चीर होती. तिच्यातून नटाचा उजवा खांदा खाली गेलेला दिसला की बाईंनी सुरुवात करायची.

नाटक दोन संगीतकारांचं. राणीची लहान मुलगी जाते. दरबारातला बुजुर्ग संगीतकार आणि एक नवखा तरुण, दोघंही तिच्यासाठी शोकगीत रचतात. तरुणाचं ऐकून बुजुर्गाच्या मनात जी आग पडते, तिथून पुढे सगळं नाटक. बुजुर्गाचं शोकगीत मुद्दाम पडेल वाजवायचं, मधे एखाददुसरा सूर घसरू द्यायचा, असा दिग्दर्शकांचा हुकूम होता. तिथे हमखास हशा यायचा.

यंदा बुजुर्गाची भूमिका बाईंच्या धाकट्या दिरांकडे आली. पहिल्या तालमीनंतर ते जेवायला बसले तेच घुश्शात.

"वहिनी, तुम्ही माझी पार शोभा करता."

"मी नाही हो, भाऊजी. आधीपासून असंच चालत आलंय."

"पण मी दरबारचा मुख्य संगीतकार ना? का राणी बहिरी आहे?"

"टाळ्या त्या पोराला पडतात, म्हणून यांचा जीव जळतोय," जाऊबाई म्हणाल्या. "जळायचं ते तिकडे जळा, इथे नीट जेवा."

भाऊजी हसले नाहीत. "जळतोय खरा. पण ज्याला काही येतच नाही, त्याला जळायला तरी कसं जमेल?"

बाईंचा घास हातातच राहिला. संगीताच्या शाळेत त्या कायम दुसऱ्या येत. पहिली येणारी मुलगी काय वाजवते आहे, ते वर्गात फक्त त्यांना कळायचं. बाकीच्या मुली खुशाल खिडकीबाहेर बघत बसायच्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दिग्दर्शकांना गाठलं. "यंदा पहिलं शोकगीत मी नीट वाजवणार आहे."

"हशा जाईल, बाई."

"मुलगी गेलीय त्या राणीची. हसायचं काय त्यात?"

"आणि दोन्ही सारखीच वाटली तर? नाटक तिथेच आडवं होईल. तसं झालं तर पुढच्या प्रयोगाला मी तुमच्याऐवजी रेकॉर्डिंग लावीन. आधीच सांगून ठेवतो."

"लावा," बाई म्हणाल्या.

बोलून तर बसल्या, पण अडचण घरी आल्यावर कळली. आजवर पहिलं पाडलं की दुसरं आपोआप उंच दिसायचं. आता ती सोय उरली नव्हती. त्यांनी दुसऱ्या शोकगीतात हरकती वाढवून पाहिल्या, लय बदलून पाहिली. जाऊबाई वैतागून म्हणाल्या, "अहो, घरात कोणी गेलंय की काय असं शेजारी विचारतात." शेवटी बाईंनी त्यातली सगळी नक्षी एकेक करून काढून टाकली. जे उरलं ते इतकं साधं होतं, की वाजवताना त्यांना भीती वाटायची.

प्रयोगाच्या दिवशी भाऊजींचा खांदा खाली गेला आणि बाईंनी पहिलं शोकगीत जीव ओतून वाजवलं. कोणी हसलं नाही. भाऊजी मुक्या पियानोवरून उठले ते ताठ मानेनं. मग तरुण बसला. बाईंनी घाई केली नाही. पहिल्या चार सुरांतच थिएटरातली खोकाखोकी थांबली. चिरेतून त्यांना भाऊजींची पाठ दिसत होती. ती हळूहळू वाकत गेली. "छान आहे," हे एरवी तोऱ्यात म्हणायचं वाक्य ते इतक्या हळू म्हणाले, की मागच्या रांगांना ऐकूही गेलं नसेल.

पडदा पडल्यावर दिग्दर्शक विंगेत आले. "हशा गेला, बाई."

"गेला."

"टाळ्याही उशिरा आल्या. मला अजून रेकॉर्डिंगच बरं वाटतंय."

"मग बुजुर्गही दुसरा बघा," तोंडावरचा रंग पुसत भाऊजी म्हणाले.

दिग्दर्शकांनी दोघांकडे पाहिलं. "घरच्या घरी कट शिजवलाय तुम्ही. एक प्रयोग आणखी देतो. त्यानंतर माझं ऐकायचं."

"त्यानंतरचं त्यानंतर," बाई म्हणाल्या आणि पुन्हा स्टुलावर बसल्या. "भाऊजी, तुम्ही घरी व्हा पुढे. दुसरं अजून म्हणावं तसं चढत नाहीये. मी जरा बसते."