टीबीच्या गोळ्या, माझी खरूज आणि धावड्याच्या गयाबाई

भोकरदनला एसटीतून उतरलो तेव्हा पिशवीत टेपरेकॉर्डर, चार कोऱ्या कॅसेट आणि सरांनी परत केलेला माझा एम.डी.चा प्रबंध होता. टीबीचे किती पेशंट गोळ्या मध्येच सोडतात, हे मी टक्क्यांसकट लिहिलं होतं. "का सोडतात ते कुठंय?" सरांनी विचारलं. "जा, लोकांशी बोल. मोकळे प्रश्न विचार आणि गप्प बस. एक तरी धड मुलाखत आण, नाहीतर परीक्षेच्या फॉर्मवर सही नाही." गप्प बसायला आम्हा डॉक्टरांना कुणी शिकवलेलंच नसतं.

पुढे काळीपिवळी जीप. मी चौदावा. टेपरेकॉर्डर एका आजोबांच्या मांडीवर होता आणि ते धावड्यापर्यंत त्यावर बातम्या लागायची वाट बघत होते.

दोन दिवसांत सात पेशंट भेटले. सगळ्यांचं एकच, "गोळ्या बराबर घेऊन राह्यलो साहेब. बिलकुल खंड न्हाई." दवाखान्याच्या रजिस्टरात सातही जणांनी गोळ्या सोडलेल्या! पण पाहुण्याला वाईट वाटेल असं तोंडावर बोलायचं नाही, ही इथली रीत. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

तिसऱ्या दिवशी गयाबाईंकडे गेलो. त्यांनीही दोन महिन्यांत गोळ्या सोडल्या होत्या. आधी जेवायला बसवलं. भाकरी, ठेचा आणि येसर (भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी). ठेच्याने नाकाडोळ्यांतून पाणी काढलं. ते पुसत टेप सुरू केला, तर प्रश्न त्यांनीच विचारला.

"लगन झालं का डाक्टरसाहेब?"

"मुली बघणं चालू आहे."

"मंग? कुठं अडलं?"

आणि गयाबाई गप्प बसल्या. नुसत्या बघत राहिल्या. मला ती शांतता सोसेना.

"मला खरूज झाली होती, मावशी. मलम अंगभर चोपडायचं. हॉस्टेलची पोरं हसतील म्हणून मध्येच सोडलं. मग मुलगी बघायला गेलो आणि तिथं कांदेपोहे सोडून खाजवत बसलो. अजून बरी झाली नाही."

तोंडाला पदर लावून गयाबाई खोकला येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "माझंबी तसंच की. पोरीला पाहुणे पाह्यला आल्ते. गोळ्या दिसल्या तर सोयरीक मोडंल म्हनून टाकल्या चुलीत. मंग पुन्हा मागायची लाज वाटली."

"आणि आता?"

"पोरगी गेली नांदायला. उद्या येते दवाखान्यात. पन तुमी मलम लावा."

परतीच्या एसटीत मला स्वतःचा राग आला आणि आनंदही झाला. जे उत्तर मी टक्क्यांत शोधत होतो, ते माझ्याच अंगावर होतं. आणि माझी लाज मी सांगितली नसती, तर गयाबाईंनी त्यांची कशाला सांगितली असती?

सरांनी कॅसेट शेवटपर्यंत ऐकली. "मुलाखत फर्मास आहे," ते म्हणाले. "घेणाऱ्या बाई कोण?"

मी मान खाली घालून सगळं सांगितलं. सरांनी फॉर्मवर सही केली, तो टेबलावर ठेवला आणि पट्टीने माझ्याकडे सरकवला.