मामाचा चांगला गूळ

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार. नळाला पाणी उशिरा आलं. वरच्या खोलीतली संघप्रिया डबा तसाच परत घेऊन आली. तिचा मामा गडहिंग्लजहून गूळ घेऊन आलाय.

एवढं लिहून हेमलताबाईंनी पेनाला टोपण लावलं, तोच स्वयंपाकघरातून संघप्रियाचा आवाज आला.

"मामा, खरं सांग. मागच्या साली माझ्या गुळाच्या भेलीत पावडर घातलीतीस?"

जयसिंगपूरची ही मुलगी त्यांच्याकडे राहून रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होती. तिचं काम तिनंच एकदा भाजी निवडताना त्यांना समजावलं होतं. पॅलॅडियम नावाच्या धातूचे डोळ्यांना न दिसणारे कण कोळशावर बसवायचे. त्या कणांपाशी हायड्रोजन दुसऱ्या पदार्थाला जाऊन चिकटतो. "पण त्यानं अर्ध्यावर थांबायला पाहिजे, आजी. असला विकतचा कोळसा, म्हणजे उत्प्रेरक, थांबतच नाही, शेवटापर्यंत धावतो." तिनं कोळसा केला तो मामाच्या गुळाचा, आणि तो अगदी हवा तिथं थांबला. तिचा लेख छापून आला. प्रबंधाचं मुख्य प्रकरण त्यावरच उभं राहिलं. आता परीक्षकांना तोच प्रयोग पुन्हा करून हवा होता, आणि दिवाळीपासून नव्या गुळाचा एकही कोळसा थांबत नव्हता.

तिचा मामा अण्णासो हा गुऱ्हाळावरचा गुळव्या. रस उकळून गूळ उतरवण्यात त्याची हयात गेलेली. भाचीच्या प्रश्नानं तो खुलला.

"घालत हुतो की! त्याबिगर पिवळाधमक रंग कुठनं येणार? पर तू कॉलेजात न्हेतीस म्हटल्यावर यंदा तुझ्यापुरतं रसाचं आदण येगळं काढलं. मळी काढाय निस्तं भेंडीचं पाणी. बाळंतिणीला द्यावा असला गूळ हाय, खाऊन तर बघ."

संघप्रिया ओट्याला टेकली. "मामा, त्या पावडरीत गंधक असतंय. तेच थांबवत होतं."

"मग उद्या घालतो की. त्यात तोंड पाडाय काय झालं?"

"किती घालत होतास?"

"मूठभर. कवा जास्त, कवा कमी. रस बघून. त्ये काय तागडीत घालून असतंय व्हय?"

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. मामावर रागवावं तरी कसं? हेमलताबाईंनी चहा टाकला.

अण्णासोनं त्याच आठवड्यात पावडर घालून नवी आदणं काढली आणि एसटीनं भेल्या पाठवल्या. एका भेलीचा कोळसा थांबेना, दुसरीचा सुरूच होईना. प्रयोगशाळेत तिनं स्वतः गंधक मोजून घालून पाहिलं, तरी तेच. आणलेलं पॅलॅडियम संपलं. मामाचा रोज फोन यायचा, "जमलं का गं?" आणि ती रोज म्हणायची, "जमंल मामा."

महिनाअखेरीला मार्गदर्शकांनी सांगितलं, पुन्हा होत नसेल तर लेख मागे घ्या, ते प्रकरणही काढा. त्या संध्याकाळी ती चपला न काढताच स्वयंपाकघरात आली.

"आजी, मागच्या वर्षी मामानं तुम्हाला दिलेल्या गुळातला एखादा खडा राहिला असेल का? सुपारीएवढा चालेल. त्यात गंधक किती होतं ते तरी मोजता येईल."

हेमलताबाईंनी फळीवरचा डबा काढून ताटात पालथा केला. चार मुंग्या पडल्या. संक्रांतीच्या लाडवांना तो गूळ संपला होता. तरीही त्यांनी डब्याच्या कडा चमच्यानं खरवडल्या. चिमूटभर काळपट भुगा निघाला. संघप्रियानं तो बोटावर घेऊन पाहिला आणि ताटातच झटकला.

"एवढ्यानं नाही होणार, आजी."

ती वर गेली. थोड्या वेळानं फोन वाजला, आणि जिन्यावरून तिचा आवाज खाली आला, "न्हाय मामा, तुझं काय चुकलं न्हाय. गूळ चांगलाच हाय तुझा."

हेमलताबाईंनी वही उघडली. २९ फेब्रुवारी, गुरुवार. गुळाचा डबा घासून पालथा घातला. फळीवर मुंग्या फार झाल्यात, हळद टाकली.