पुनाजी मिस्त्रीची चार माणसं

पुनाजी मिस्त्री दिवस मावळताना विटा मोजायचा. लावलेल्या, फुटलेल्या, उरलेल्या. सकाळी बैलबंडीतून उतरवलेल्या आकड्याशी मेळ बसल्याशिवाय तो घरी जात नसे. एकदा दोन विटा कमी भरल्या. कामावरच्या रामबाईनं चुलीला घेतल्या होत्या. त्यानं त्या परत मागितल्या नाहीत, पण भिंतीवर कोळशानं लिहिलं, ‘चूल, दोन.’ तेव्हा हिंगणघाटला गोदाम बांधताना कामावर किती माणसं होती हे त्याला ठाऊक नव्हतं, असं कोणी म्हणू नये. बावीस होती. सहा गवंडी, दोन चुन्याचा मसाला कालवणारे, आणि चौदा रेजा, म्हणजे घमेली वाहणाऱ्या बाया.

सहा गवंड्यांत एक गंगा होती.

समुद्रपूरकडच्या गोंडांच्या टोल्यातली, म्हणजे वस्तीतली, ही बाई रेजा म्हणूनच आली होती. दुपारी बाकीच्या बाया सावलीला पडत, तेव्हा ती चुन्याच्या हौदामागं फुटक्या विटा मातीत लावून बघायची. एक दिवस पुनाजीनं ते पाहिलं. पायानं ढकलून पाहिलं, हललं नाही. ओळंबा सोडला. पाच थरांत सूतभर फरक नव्हता. त्यानं कौतुक केलं नाही. आपली जुनी थापी तिच्या हातात दिली आणि म्हणाला, “उद्यापासून आतल्या भिंतीवर लागजो.”

रूपराव गवंड्यानं लगेच टोमणा मारला. “मंग मिस्त्री, आता आमी घमेले उचलाचे का?”

“उचल ना बापा. तुह्या हातची भिंत पाहून मले तसंच वाटून राह्यलं.”

दोन वर्षांत गंगाचा हात बसला. दिवसाकाठी रूपरावापेक्षा तिच्या पन्नास विटा कमी लागत, पण लावलेली एकही काढावी लागत नसे. पुनाजीच्या हिशेबात ते जास्त होतं.

एकोणीसशे छप्पन साल सरताना पुनाजीचे ठेकेदार मधुकरराव यांनी हिंगणघाटच्या एका व्यापाऱ्याच्या कापसाच्या गोदामाचं काम घेतलं. जागा वेणा नदीजवळची, माती काळी. काळ्या मातीत मुरूम लागेपर्यंत खणावंच लागतं. इथं सहा फुटांवर लागला. एवढ्या खोल चरात कड कधी ढासळेल याचा नेम नसतो. म्हणून या भागातल्या गवंड्यांत एक रीत होती. पाया उघडा असेपर्यंत माणसं मोजायची नाहीत. मोजली की पाया त्यातलं एक मागतो. पुनाजीच्या गुरूचा भाऊ नाचणगावला असाच दबला होता, आणि त्या सकाळी मुकादमानं माणसं मोजली होती. पुनाजी विटा मोजायचा, चुन्याची घमेली मोजायचा, पण पाया भरेपर्यंत माणसांवरून नुसती नजर फिरवायचा.

त्याच आठवड्यात सरकारची आर्थिक पाहणी आली. बांधकामाचा धंदा करणाऱ्यांकडं माणसं किती, त्यांत कारागीर किती, बाया किती, वर्षाला काम किती महिने, चुना-सिमेंट किती, असे प्रश्न होते. गावातले ठेकेदार जिनिंग कारखान्याच्या फाटकाजवळ चहाला जमले आणि ठरवून टाकलं, पाचाच्या वर कोणी सांगायचं नाही. आज मोजतील, उद्या कर बसवतील, परवा मजुरांचे कायदे दाखवतील.

मधुकरराव पुनाजीला बाजूला घेऊन म्हणाले, “तुमी चार सांगजा. चारी गडी. बाया येतात-जातात म्हणजा. आन रोहणा गावच्या शाळेचं काम मले भेटलं, तर तिथं तुमीच मिस्त्री.”

रोहण्याची शाळा म्हणजे वर्षभराचं काम. 

पाहणीवाले प्रभाकरराव नागपूरचे, सायकलवर आले. पंचविशीतला पोरगा, बुटाला चिखल लागला तरी चराच्या कडेपर्यंत गेला.

“मिस्त्री, किती माणसं आहेत?”

“आज नाई सांगता येत जी. पाया उघडा हाय.”

“म्हणजे?”

रामबाई घमेलं डोक्यावर घेऊन जाता जाता बोलली, “सायेब, मोजाचंच असन तर तुमच्यापासून सुरू करा. मंग पाया तुमालेच मागन.”

सगळे हसले. प्रभाकरराव हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. त्यांनी ती रीत नीट विचारून घेतली, कागद मिटला. “पाया भरला की येतो. तेव्हा मात्र खरं सांगा. सिमेंट आता परवान्यावर आहे. कोणाला किती मिळेल हे यावरूनच ठरणार.”

पुनाजीला हायसं वाटलं. खोटं बोलावं लागलं नव्हतं.

नऊ दिवसांनी ते पुन्हा आले. पाया भरला होता, जोतं वर आलं होतं, उत्तरेकडची भिंत कमरेएवढी झाली होती. त्या भिंतीवर गंगा होती, हातात थापी. मधुकरराव चुन्याच्या हौदाशी उभे होते.

“आता मोजा, मिस्त्री,” प्रभाकरराव म्हणाले.

पुनाजीनं मधुकररावांकडं पाहिलं. मग खाली पाहिलं. “चार गवंडी. गडीमाणसं. बाया येतात-जातात.”

प्रभाकररावांनी मान वर केली. “आणि त्या भिंतीवरच्या बाई?”

पुनाजी ओळंब्याची दोरी गुंडाळू लागला. गंगानं ऐकलं होतं. तिनं थापी मसाल्यात खुपसली, भिंतीवरून उतरली, रिकामं घमेलं डोक्यावर घेतलं आणि हौदाकडं चालू लागली. जाताना म्हणाली, “मी रेजा हाय जी. गवंडी पानी प्याले गेलता, तवर विटा धरून होती.”

प्रभाकररावांनी कागदावर चार लिहिले. मधुकररावांनी सही केली. त्या संध्याकाळी विटांचा मेळ बसला. पुनाजी मात्र अंधार पडेपर्यंत तिथंच बसून राहिला. पहिल्या खेपेला रीत होती. दुसऱ्या खेपेला पाया भरलेला होता.

उन्हाळ्यात परवाने निघाले. चार माणसांच्या धंद्याला मिळायचं तेवढंच सिमेंट मधुकररावांना मिळालं. शाळेचं काम त्यावर होण्यासारखं नव्हतं. ते नागपूरच्या एका बड्या ठेकेदाराकडं गेलं. चहाला जमलेल्या बाकीच्या ठेकेदारांचीही तीच गत. कर कोणावरच बसला नाही. गोदाम झालं आणि बावीस माणसं पांगली.

गंगा पुनाजीच्या घरी आली. दारातच उभी राहिली.

“मिस्त्री, भिलाईले कारखान्याचं काम निंगालं. मुकादम आलाय. कारागीर म्हणून घेतो म्हणते, पन ठेकेदाराची चिठ्ठी पाह्यजे. दोन ओळी.”

पुनाजीनं पायात वहाणा घातल्या आणि तसाच मधुकररावांकडं गेला.

“चिठ्ठी?” मधुकरराव म्हणाले. “चार गडी म्हणून सरकारले सही करून देल्ली मी. आता एका बाईले कारागीर लिवून देऊ?”

“पन खरं हाय ते.”

“तवा कुठी गेलतं तुमचं खरं? मी तं हौदापाशी होतो. तोंड तुमचं होतं.”

 पुनाजी परत आला. गंगा अजून उभीच होती, बसली नव्हती.

“नाई देत,” तो म्हणाला. आणि मग, “तवा काऊन उतरली तू भिंतीवरून?”

“तुमी अडकले होते ना, मिस्त्री.”

तिनं थापी पदराखाली धरली होती, ती परत करायला पुढं केली. त्यानं घेतली नाही. म्हणाला, “तुहीच हाय ते.”

भिलाईलाच कामाला गेलेला रूपराव दोन वर्षांनी परत आला. पुनाजीनं आधी कामाचं विचारलं, मग मजुरांचं, मग गंगाचं.

“हाय ना. घमेले वाह्यते. थापी हाय तिच्यापाशी, मसाला वाळला का त्यानं घमेले खरवडते.” रूपराव थोडा थांबला. “म्या सांगतलं मुकादमाले, बाई मिस्त्री हाय म्हणून. हासला तो.”

त्यानंतर पुनाजीनं ती रीत मोडली. पाया उघडा असो, चर सहा फूट असो, सकाळी काम सुरू करण्याआधी तो माणसं मोजायचा. नुसती डोकी नव्हे. कोण काय करतं ते नावानिशी भिंतीवर, भिंत नसेल तर फळीवर कोळशानं लिहायचा. रामबाई ओरडायची, “अजी मिस्त्री, पाया उघडा हाय ना!”

“असू दे,” तो म्हणायचा. “पायाले मागाचं होतं ते त्यानं मागून घेतलं.”

मोजायला फार वेळ लागत नसे. त्याच्या हाताखाली पुन्हा कधी बावीस माणसं आलीच नाहीत. जास्तीत जास्त नऊ.